आवडत नाय, पण खरं हाय

माझं पहिलं बाळ सहाव्या दिवशी सकाळी हसायला लागलं. ओठ ताणलेले, हिरड्या दिसत होत्या, आणि छातीला लावलं तर तोंड उघडेना. सासू म्हणाली, "सटवी हसवतेय गं त्याला. हसू दे." दुपारपर्यंत त्याची पाठ कमानीसारखी वाकली. कुठं भांडं वाजलं तरी अंग ताठ व्हायचं. सुईणीला बोलावलं. तिनं बाळाच्या हनुवटीवर बोट ठेवून खाली दाबलं. जबडा हलला नाही. एरवी जिचं तोंड मिटत नसे ती बाई काही न बोलता उठली आणि दाराबाहेर जाऊन बसली. तेव्हा मला कळलं. दिवे लागायच्या आधी बाळ गेलं. मुलगा होता.

मी लिहिते आहे ते त्या सुईणीविषयी. आता गावात तिची आठवण निघाली की म्हणतात, तिच्या हाताला देवाचा गुण होता. साफ खोटं. ज्यांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्यांचीच नातवंडं हे बोलतात. ती तोंडाळ होती, दिवसातून चारदा मशेरी लावायची, आणि कुणाच्याही घरात शिरली की आधी घरातला केर दाखवायची. मला ती कधी आवडली नाही. मीही तिला आवडत नव्हते. तिनं मला तोंडावर सांगितलं होतं, "कामाची हायेस तू, पण तुझा तोरा मला बघवत नाय." मी चौथी शिकलेली बाई. मला गोड लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी तिच्याविषयी लिहिलं नसतं.

आमचं गाव कडावच्या पलीकडं, भाताचं. गावात बायका बोलायच्या ते असंच, जसं सगळीकडं बोलतात. अमकीची सून वाईट, तमक्या गावचं पाणी वाईट, पोशीरचा तांदूळ आपल्यापेक्षा चांगला. ही बाई विहिरीवर घागर खाली ठेवून विचारायची, "चांगला का तुला आवडतो?"

"एकच झालं की गं मावशे."

"एकच कसं? मला मशेरी आवडते. चांगली हाय का?"

मग ती डावा हात पुढं करायची. ह्या हातात आवड. उजवा पुढं करायची. ह्या हातात खरं. "आता बोल, तांदूळ कुठल्या हातात टाकू?" बायकांना घरी जायची घाई असायची. दोन हात बघायला कुणाला वेळ होता? तिला येताना बघून बायका रिकाम्या घागरी घेऊन परत फिरायच्या, हे मी पाहिलेलं आहे. मीही फिरले आहे.

बाळंतपण झालं की घरचे विचारायचे, पोर कसं आहे? दुसरी सुईण असती तर म्हणाली असती, राजबिंडं आहे, लाडू काढा. ही म्हणायची, "धड हाय. सुंदर हाय का नाय ते तुमचं तुमी बघा, मला तर सगळी उंदरागत दिसतात."

तिच्या नवऱ्याला गावाबाहेरच्या पिंपळावर मुंजा दिसला होता. तो आठ दिवस तापानं पडला. ही भाकरी बांधून भर दुपारी त्या पिंपळाखाली जाऊन बसली, जेवली, पान खाल्लं, उतरत्या उन्हात परत आली. सगळे विचारायला लागले, होता का? ती म्हणाली, "मी बसले तवर तरी नव्हता." मास्तर तिथं होते, ते खूश झाले. म्हणाले, "म्हणजे मुंजा नाहीच, बरोबर?" तर त्यांच्यावर उलटली. "नाय असं कुठं म्हणाले मी? एक दुपार बघितलं मी. तुमी तर तेवढंही बघितलं नाय, आणि नाय म्हणून सांगताय." असं बोलून तिनं मुंजावालेही दुखावले आणि मास्तरही. तिला ती कलाच होती.

गावातली काही घरं बौद्ध झाली त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. त्यांच्या वस्तीतल्या एका सुनेचं पोर पोटात आडवं आलं. त्यांची सुईण हात टेकून बसली आणि त्यांनी हिला निरोप दिला. ही गेली. गावात गलका झाला. आमच्या सासऱ्यांनीच तिला वाटेत अडवलं आणि विचारलं, "तुला लाज नाय वाटली?" ती म्हणाली, "वाटली. लहानपणापासून तसंच शिकवलंय, तिकडं पाय टाकायला जड जातं. पण पोर आडवं होतं. ते माझ्या जड जाण्यानं सरळ होणार होतं काय?" पुढचंही तिनंच सांगितलं, कुणी न विचारता. पोर निघाल्यावर त्या घरच्या म्हातारीनं तिला तांब्या दिला. हिनं सांगितलं, मला घ्यायला जड जातं. म्हातारी म्हणाली, "मग जड असलं तरी घे. आमाला पण तुला आत घेताना जडच गेलं." ही पाणी प्याली. सांगताना म्हणायची, "म्हातारी माझ्यापेक्षा तोंडाळ. मला तिच्यापुढं बोलता आलं नाय."

हे सगळं सांगितलं म्हणजे ती मोठी शहाणी असं कुणी समजू नये. एका ठिकाणी ती फसली, आणि त्या ठिकाणी माझं बाळ होतं.

माझ्या बाळंतपणाच्या आधीच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावाहून एक नर्सबाई यायला लागली. पांढरं लुगडं, काळी छत्री, कातडी पिशवी. तिनं आजूबाजूच्या गावांतल्या सुइणींना बोलावून बसवलं आणि शिकवायला घेतलं. नाळ विळ्यानं कापू नका, नवं ब्लेड उकळून घ्या. बेंबीला शेण लावू नका. आमच्याकडं तेव्हा गाईचं ताजं शेण हळदीत कालवून बेंबीवर थापायचे, नाळ गळून पडेपर्यंत. सगळ्या घरांत तेच. शिकवता शिकवता नर्सबाईनं हिचा हात उचलून धरला आणि हिची नखं सगळ्यांना दाखवली. म्हणाली, "बघा, असे हात घेऊन तुम्ही बाळाला शिवता." बायका हसल्या. ही तीस वर्षं पोरं काढणारी. उठली आणि चालत घरी आली. गावात म्हणाली, "कालची पोर मला नखं शिकवते. घरात अजून पाळणा हलला नाय तिच्या." तेव्हा तिनं डावा हात-उजवा हात काही केलं नाही. माझ्या बाळाची नाळ तिनं विळ्यानंच कापली आणि शेण तिनंच लावलं.

बाळ गेल्यावर ती महिनाभर कुणाला दिसली नाही, आणि मग दिसायला लागली ती भलत्याच ठिकाणी. आज ह्या गावात, उद्या त्या पाड्यावर. ज्या घरात पोर सहाव्या-सातव्या दिवशी आखडून गेलं, त्या घरात जाऊन विचारायची, नाळ कशानं कापली, काय लावलं, दारात गुरं किती. लोकांनी हाकलून दिलं. कुणी म्हणालं, मेलेल्या पोरांची मोजदाद करत फिरते, चळली म्हातारी.

लावणीचे दिवस. आम्ही दहा-बारा बायका चिखलात ओळीनं वाकलो होतो, मी बांधाच्या बाजूला. ती बांधावरून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "ए पोरी, वर बघ," म्हणाली. मी वर बघितलं.

"तुझं पोर सटवीनं नेलं नाय. माझ्या हातानं गेलं."

लावणीचं गाणं चाललं होतं ते थांबलं. एक जण म्हणाली, "असं बोलू नये गं मावशे, तिच्या जिवाला काय वाटंल." ती म्हणाली, "तिच्या जिवाला वाटायचं ते वाटू दे. मी वर डोंगरात कातकऱ्यांच्या वाडीवर गेले होते. तिथल्या म्हातारीला विचारलं, तुमची पोरं सहाव्या दिवशी आखडून जातात का? ती हसली मला. म्हणाली, आमची पोरं भुकेनं जातात, बाई, आखडायला कशाला पाहिजे. बेंबीला काय लावता विचारलं. म्हणाली, काय लावणार? सुकते आपली आपण. शेण? आमच्या दारात गाय कुठं हाय? मग मी घरं फिरले. जितकी गुरं दारात जास्त, तितकी अशी पोरं जास्त गेलेली. दोन घरांत जुळलं नाय, ते पण सांगते. बाकी सगळीकडं जुळलं."

माझ्या हातात रोपांची मूठ होती. मी ती तिच्या तोंडावर मारली. मग चिखल मारला. ती हलली नाही. मी विचारलं, "तुला आधी कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"सांगणारी आवडली नाय मला."

एवढंच. माफ कर म्हणाली नाही, रडली नाही. मला आजही तो जबाब आठवला की हात शिवशिवतो. पण तिच्या जागी दुसरी कुणी असती तर हे सांगायला बांधावर आली असती का, असं स्वतःला विचारते आणि मी असते तर आले नसते, हे मला माहीत आहे.

गाव तिच्यावर उलटलं, आणि ते मला समजतं. प्रत्येक घरात एखादं तरी पोर तसं गेलेलं. सटवीनं नेलं म्हटलं की रडून मोकळं होता येतं. हिचं ऐकलं तर आपल्याच आईनं, आपल्याच सासूनं प्रेमानं कालवलेलं शेण आड येतं. माझ्या सासूचे दोन मुलगे तसे गेलेले. ती म्हणाली, "माझ्या आईनं लावलं होतं शेण. ही रांड माझ्या आईला खुनी म्हणते." गावानं तिला बोलावणं सोडलं. पलीकडच्या गावची सुईण यायला लागली, विळा घेऊन.

ही मात्र कडावला जाऊन ब्लेडं घेऊन आली. दुकानदारानं विचारलं, "काय म्हातारे, दाढी वाढली काय?"

"तुझ्या सुनेचे दिवस भरत आले ना रं? तिच्या पोराची नाळ कापायला घेते. का विळा आणू?" दुकानदारानं ब्लेडं काढून दिली. तिनं दात घासायच्या पावडरीचा डबा घासून त्यात ती ठेवली. नखं तर इतकी कापली की बोटांतून रक्त यायचं. नर्सबाईकडं जाऊन काय विचारायचं ते सगळं विचारून आली. नर्सबाई आवडायला लागली का, म्हणून कुणीतरी टोचलं. "छे," म्हणाली. "अजून तशीच उद्धट हाय. तोंड बघवत नाय तिचं. पण शिकवते ते खरं दिसतंय."

दुसऱ्या वर्षी मला परत दिवस गेले. सासूनं पलीकडची सुईण ठरवून ठेवली. मला वाटलं होतं, वेळ आल्यावर मी पण निमूट बसेन. भल्या पहाटे कळा सुरू झाल्या, ती बाई आली, तिनं विळा भिंतीला टेकवला, आणि तो विळा बघून मला काय झालं मी सांगू शकत नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि म्हणाले, "हिनं मला हात लावायचा नाही. तिला बोलवा."

सासू म्हणाली, "तुझं पोर मारलं तिनं, असं तीच म्हणते, आणि तिलाच बोलावतेस?"

"ती म्हणते म्हणूनच."

नवरा दारात उभा होता. गरीब माणूस, आईपुढं कधी मान वर न केलेला. मी म्हणाले, "अहो, तुम्ही जाताय का मी अशीच चालत जाऊ?" त्यानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गेला. त्याच्या आयुष्यातलं हे एक काम मी विसरत नाही.

ती आली. काही विचारलं नाही. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, ब्लेड आणि दोरा उकळत ठेवला, परत हात धुतले. उन्हं अंगणात आली तेव्हा मुलगी झाली. नाळ बांधली, कापली, बेंबी कोरडी ठेवली, वर धुतलेलं फडकं. तेवढ्यात सासू पळसाच्या पानावर शेण घेऊन आली.

"लाव," म्हणाली.

"नाय लावायचं, वयनी."

"गाईचं शेण हाय. ह्या घरात चार पिढ्या लावतात. तुला घाण वाटायला लागली काय आता, नर्सबाईसारखी?"

"घाण नाय वाटत. तुझ्यापेक्षा जास्त आवडतं मला शेण. सारवलेल्या घराच्या वासाशिवाय झोप येत नाय. आवडतं ते माझ्यापाशी. पोराच्या बेंबीला ते चालत नाय."

"म्हणजे माझ्या आईनं..."

"तुझ्या आईचं मी बोलत नाय. ह्या पोरीचं बोलतेय. भिंतीला लाव, अंगणाला लाव, माझ्या तोंडाला लाव. तिला नाय."

सासूनं लावलं. पूर्ण हाताचा पंजा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मी बाजेवरून बघत होते. पलीकडच्या गावची सुईण अजून तिथंच होती, तिनं तोंडाला पदर लावला. ही मागं सरली नाही. दोन्ही हात वर धरून बसून राहिली, कोपर गुडघ्यावर. शेण डोळ्यात जात होतं. नवरा म्हणाला, "मावशे, पूस ना गं." ती म्हणाली, "हात धुतलेत. अजून पोटातली वार पडायची हाय. तूच पूस." आणि माझ्या नवऱ्यानं आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं तिचं तोंड पुसलं, आई बघत असताना.

पुढचे सहा दिवस ती आमच्या ओसरीवर बसून राहिली. कोण आत जातंय, हातात काय आहे, बघायची. सासूशी बोलायची नाही. सासू तिला भाकरी द्यायची नाही, मी माझ्यातली द्यायची. माझ्याशीही गोड नव्हती. मी रोज विचारायचे, "जगेल ना?" आणि रोज तिचं एकच.

"ठाव नाय. मला वाटतं, जगंल. वाटतं ते सांगते."

"एकदा तरी जगेल म्हण ना गं."

"तुला बरं वाटावं म्हणून? तुझा पहिला गेला तेव्हा पण मी आधी म्हणालेच होते की जगंल."

सहाव्या दिवशी सासूनं सटवीची पूजा मांडली. पाटा, हळदकुंकू, कोरा कागद. मला वाटलं ही आता काहीतरी बोलणार. ती म्हणाली, "मांडा की. सटवी हाय का नाय मला म्हाईत नाय. तिच्यापुढं दिवा लावल्यानं कुणी मेलं नाय, एवढं म्हाईत हाय."

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी मुलीनं दूध सोडलं. छातीला लावली तर मान फिरवली. परत लावली, परत फिरवली. मी हाक मारली ती मला वाटतं शेताच्या पलीकडं ऐकू गेली असेल. ती आत आली. हात धुवायला गेली, आणि मला ते धुणं इतकं लांबलं असं वाटलं की मी तिला शिव्या दिल्या. मग तिनं करंगळी मुलीच्या ओठाला लावली. मुलीनं तोंड उघडलं, करंगळी आत ओढली आणि जोरानं चोखली. परत उघडलं, जांभई दिली.

"पोट भरलंय तिचं," ती म्हणाली. "आईलाच अक्कल नाय."

सासू दाराशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती आत येऊन खाली बसली, सुईणीसमोर. पाट्यावरचं हळदकुंकू बोटानं सारखं केलं. मग विचारलं, आणि तो आवाज मी तिचा आधी ऐकला नव्हता.

"माझे दोघं पण शेणानंच गेले काय गं?"

मला वाटलं आता ही तिचे दोन हात पुढं करणार आणि माझ्या सासूला तिथंच मारणार. एवढे दिवस तोंडाला लागलेलं शेण तिला परत करायची वेळ होती ती. ती म्हणाली, "मी तिथं नव्हते, वयनी. बघितलं नाय मी. मला ठाव नाय."

सासू रडली. हिनं तिला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. संध्याकाळी सासूनं तिला पानात भाकरी वाढून दिली आणि तिनं भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. मग एवढंही म्हणाली, "ही पोर जगली तरी शेणाचं सगळं कळलं असं समजू नका. एका पोरानं काय ठरतं? मला अजून बघायला लागंल." आणि पुढं वीस वर्षं ती बघत राहिली, हळूहळू गाव तिला बोलवायला लागलं तेव्हाही, आणि नंतर दवाखाने झाले, तिला कुणी विचारेना, तेव्हाही.

सातवा दिवस गेला, बारावा गेला, मुलीचं नाव ठेवलं.

त्या बाळंतपणातून आम्ही दोघी जगलो, मी आणि माझी मुलगी.